खाणीवरचे टिपर आणि हायवेवरचे ट्रेलर: बायपास ऑइल फिल्टर निवडताना काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे खडीच्या खाणीवर चालणारे तीन बीएस-४ टिपर आहेत आणि सोलापूर-मुंबई मार्गावर धावणारे दोन बीएस-६ ट्रेलर आहेत. विक्रेत्यांनी तुम्हाला तीन प्रकारचे बायपास ऑइल फिल्टर, म्हणजे मुख्य फिल्टरखेरीज जोडायचे जादा फिल्टर, दाखवले. पहिल्यात दाबून बसवलेल्या सेल्युलोजचा जाड गोळा असतो, दुसऱ्यात कृत्रिम तंतूंचा, डबा फिरवून बदलता येणारा फिल्टर असतो आणि तिसरा ऑइलच्या दाबावर फिरणारा सेंट्रिफ्यूज आहे. तिघांचाही दावा असा की हे एकदा बसवले की ऑइल बदलायची गरज जवळजवळ उरत नाही. यांपैकी सर्वांत चांगला कोणता, असे तुम्ही विचारले आहे.

वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांचे काम आणि ऑइलच्या तपासण्या पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रश्नाला एकच उत्तर नाही आणि तुमच्या पाचही गाड्यांना एकच उत्तर लागू होणार नाही. तुमच्या इंजिनात कोणती घाण तयार होते किंवा बाहेरून शिरते, निवडलेले यंत्र ती तासाला किती काढू शकते आणि स्वतःच्या पोटात किती साठवू शकते, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. विक्रेते यांपैकी एकाही गोष्टीबद्दल बोलत नाहीत. ते फक्त मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) आकडा सांगतात.

इंजिनावर कंपनीने बसवलेला मुख्य फिल्टर बेअरिंगकडे जाणारे सगळे ऑइल गाळतो. पहाटे थंड इंजिन सुरू होताना घट्ट झालेले ऑइलही त्यातून अडथळ्याशिवाय जावे लागते, म्हणून त्याची छिद्रे फार बारीक ठेवता येत नाहीत. तो तुंबला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते, कारण ऑइलवाचून चालण्यापेक्षा मळक्या ऑइलवर चालणे बेअरिंगला कमी घातक असते. बायपास फिल्टरवर हे बंधन नाही. तो दाबाखालच्या ऑइलपैकी थोडा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, एका लहान छिद्रातून घेतो, सावकाश गाळतो आणि परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, सोडतो. त्याला घाई नसल्यामुळे तो मुख्य फिल्टरला न सापडणारे बारीक कण पकडू शकतो. चालत्या इंजिनाच्या बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मोजक्या मायक्रॉनांचाच असतो आणि त्याच जाडीचे कठीण कण सर्वांत जास्त झीज करतात. म्हणून हे कण महत्त्वाचे आहेत.

ही केवळ विक्रीची कल्पना नाही. कमिन्सच्या जुन्या एनटी ८५५ इंजिनांवर वेगळा बायपास फिल्टर असायचा, व्होल्वोच्या डी१३ इंजिनावर दोन मुख्य फिल्टरांबरोबर एक बायपास फिल्टर असतो आणि स्कॅनियाच्या इंजिनांवर सेंट्रिफ्यूज अनेक वर्षे बसवला जात आहे. जनरल मोटर्स आणि डेट्रॉइट डिझेल यांच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, ४० मायक्रॉनच्या फिल्टरशी तुलना करता ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. विक्रेते हे आकडे आवर्जून दाखवतात. मात्र त्या चाचण्यांत झीज लवकर दिसावी म्हणून ऑइलमध्ये मुद्दाम धूळ मिसळलेली होती. तुमच्या ट्रेलरच्या इंजिनात धूळ शिरतच नसेल, तर एवढा फरक तिथे दिसणार नाही.

आता तुलनेच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बायपास फिल्टरने ऑइल किती स्वच्छ राहील, हे त्यातून जाणारा प्रवाह आणि एका फेरीत पकडले जाणारे कण यांच्या गुणाकारावर ठरते. समजा, एका यंत्रातून मिनिटाला १ लिटर ऑइल जाते आणि ते ५ मायक्रॉनचे ९५ टक्के कण पकडते. दुसऱ्यातून मिनिटाला ३ लिटर जाते, पण ते त्याच आकाराचे ५० टक्केच कण पकडते. कागदावर पहिले उत्तम वाटते. प्रत्यक्षात पहिले यंत्र मिनिटाला ०.९५ लिटर आणि दुसरे दीड लिटर ऑइल त्या कणांपासून मुक्त करते, म्हणजे दुसरे अधिक काम करते. इंजिन घाण सतत तयार करत असल्यामुळे ऑइलमध्ये शेवटी किती घाण राहते, हे निर्मिती आणि निचरा यांच्या तोलावरच ठरते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला विचारा की गरम ऑइल आणि ४ बार दाब असताना त्याच्या यंत्रातून मिनिटाला किती लिटर ऑइल जाते. याचे उत्तर देता न येणाऱ्याचे यंत्र मी विचारातच घेत नाही.

प्रवाहाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २० लिटरच्या चेंबरमधून मिनिटाला २ लिटर ऑइल गाळले, तर दहा मिनिटांत सगळे ऑइल गाळले गेले असे वाटते. पण गाळलेले आणि न गाळलेले ऑइल चेंबरमध्ये मिसळत राहते, त्यामुळे दहा मिनिटांत सुमारे ६३ टक्केच ऑइल एकदा तरी फिल्टरमधून गेलेले असते आणि ९५ टक्क्यांवर पोहोचायला अर्धा तास लागतो. दिवसभर चालणाऱ्या गाडीला हे पुरेसे आहे. सतत बंद-चालू होणाऱ्या, लहान फेऱ्यांच्या गाडीला मात्र याचा लाभ कमी मिळतो.

मायक्रॉनच्या आकड्याला टक्केवारीची जोड नसेल, तर त्याला अर्थ नसतो. ‘२ मायक्रॉनचा फिल्टर’ त्या आकाराचे निम्मे कण पकडत असेल किंवा ९८.७ टक्के पकडत असेल. डब्यावर दोन्हीकडे ‘२ मायक्रॉन’ असेच छापता येते. पहिल्याचे बीटा गुणोत्तर (फिल्टरआधीच्या कणांच्या संख्येला फिल्टरनंतरच्या संख्येने भागून येणारा आकडा) २ असते आणि दुसऱ्याचे ७५. इंजिन ऑइलच्या फिल्टरची ही चाचणी आयएसओ ४५४८-१२ या मानकानुसार होते. तुम्ही तो चाचणी अहवाल मागा आणि त्यात कणांचा आकार, पकडीची टक्केवारी आणि फिल्टर किती ग्रॅम धूळ साठवतो, हे तिन्ही आकडे पाहा.

साठवणुकीचा मुद्दा तुमच्या टिपरसाठी निर्णायक आहे. २० लिटर ऑइलचे वजन साडेसतरा किलोच्या आसपास भरते. त्यात २ टक्के काजळी झाली, तर ती सुमारे ३५० ग्रॅम असते. खाणीत तासन् तास आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) राहणारे आणि मग पूर्ण भाराने चढ चढणारे इंजिन, त्यातही ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेले, एवढी काजळी सहज तयार करते. शंभर-सव्वाशे ग्रॅम साठवणारा लहान डबा अशा इंजिनावर लवकर भरतो आणि त्यानंतर त्यातून प्रवाहच जात नाही. बाहेरून काहीही कळत नाही; गाडी नेहमीसारखीच चालते. फिल्टर जिवंत आहे की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय असा की इंजिन गरम होऊन चालू असताना, अंगावर फुल बाह्यांचे कपडे आणि हातात हातमोजे घालून, फिल्टरच्या डब्याजवळ हात न्यावा. प्रवाह चालू असेल तर डबा इंजिनाइतकाच तापलेला असतो. तो कोमट लागला, तर फिल्टर तुंबला आहे असे समजावे.

आता तिन्ही प्रकारांबद्दल सांगतो. सेल्युलोजच्या गोळ्याची बारीक कणांवरची पकड चांगली असते आणि तो थोडेफार पाणीही शोषून घेतो, जे इतर दोघांना जमत नाही. अमेरिकेत टॉयलेट पेपरचा रोल वापरणारे असे फिल्टर अनेक दशकांपासून विकले जातात. त्याची कमजोरी अशी की गोळा घरात नीट घट्ट बसला नाही, तर ऑइल त्यातून न जाता कडेने वाट काढते आणि गाळलेच जात नाही. पाणी जास्त शोषले गेले तर गोळा मऊ पडून खचतो. प्रवाहही कमी असतो. ज्या गाड्या पावसाळ्यात किंवा किनाऱ्यालगत कमी चालतात आणि ज्यांच्या ऑइलमध्ये ओलावा जमतो, त्यांच्यासाठी मी हा प्रकार सुचवतो. तुमच्या गाड्यांत तशी एकही नाही.

कृत्रिम तंतूंचा फिल्टर हाताळायला सर्वांत सोपा असतो. त्याचा दर्जा सातत्याचा असतो, प्रवाह बरा असतो आणि मिस्त्रीला वेगळे शिकवावे लागत नाही. धूळ आणि धातूचे कण यांवर तो उत्तम काम करतो. काजळीवर मात्र तो कमी पडतो, कारण आजच्या ऑइलमधली डिस्पर्संट रसायने काजळीचे कण एका मायक्रॉनहून लहान अवस्थेत तरंगत ठेवतात. त्यांच्यासाठी २ मायक्रॉनची जाळीही मोठीच ठरते.

सेंट्रिफ्यूज जाळीने गाळत नाही, म्हणून काजळीबाबत तो वेगळा ठरतो. ऑइल दाबाने आतल्या भांड्यात शिरते आणि खालच्या दोन बारीक नोझलांतून विरुद्ध दिशांना बाहेर पडते, त्या झोताच्या प्रतिक्रियेने भांडे मिनिटाला हजारो फेरे घेते. ५ सेंटिमीटर त्रिज्येचे भांडे मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्याच्या भिंतीशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट बल तयार होते. काजळी ऑइलपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे तिचा काही भाग भिंतीकडे ढकलला जातो आणि तिथे चिकटून बसतो. एका फेरीत पकड कमी असते, पण प्रवाह मोठा असतो आणि भांड्यात भरपूर साठा मावतो. टिपरच्या सर्व्हिसला भांडे उघडले की आतल्या कागदी अस्तरावर काळा, चकचकीत, खोडरबरासारखा लवचीक थर दिसतो. बोटाने दाबला तर तो दबतो, पण पुसला जात नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा लागतो. त्या थराची जाडी प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहून ठेवली, तर इंजिनाच्या प्रकृतीची चांगली नोंद तयार होते. एखाद्या वेळी थर नेहमीपेक्षा बराच जाड निघाला, तर इंजेक्टर, टर्बो आणि एअर क्लीनरची नळी तपासायला घ्यावी. थर अचानक पातळ निघाला, तर आधी नोझलांत अडकलेला कचरा पाहावा.

सेंट्रिफ्यूजच्या अटीही आहेत. त्याला साडेतीन-चार बारच्या आसपास दाब लागतो, त्यामुळे झिजलेल्या, गरम झाल्यावर दाब सोडणाऱ्या इंजिनावर तो नीट फिरत नाही. आयडलवर तो मंदावतो. त्यातले ऑइल केवळ उतारानेच परत येते, म्हणून तो चेंबरमधल्या पातळीपेक्षा वर बसवावा लागतो आणि परतीचा पाइप रुंद व कुठेही न दुमडता ठेवावा लागतो. परतीचा मार्ग अरुंद असला तर भांडे साचलेल्या ऑइलमध्ये बुडते आणि फिरत नाही. भांड्याच्या दोन भागांवर जुळणीची खूण असते. ती न जुळवता बंद केले, तर तोल बिघडून बेअरिंग खराब होते. इंजिन बंद केल्यावर काही वेळ आतून घुमणारा बारीक आवाज येतो. तो येतो की नाही, हे रोज ऐकण्याची सवय चालकाला लावावी. त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

ऑइल तापवून पाणी आणि हलके इंधन उडवून लावणारा चौथा प्रकारही बाजारात आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून आपल्या डिझेल बसवर अशी यंत्रे बसवून अभ्यास केला आणि ऑइलचा वापर मोठ्या प्रमाणात घटल्याचे नोंदवले. पण तिथे ऑइल कधी बदलायचे, हे नियमित तपासणीवर ठरत होते, हे विसरू नये. चुंबक लावलेल्या साधनांबद्दल एवढेच सांगतो की ती धूळ, काजळी, तांबे आणि शिसे यांपैकी काहीच पकडत नाहीत.

‘ऑइल बदलावे लागणार नाही’ हा दावा कोणत्याही प्रकाराबाबत खरा नाही. तुम्हाला दाखवलेला फिल्टर मुख्यतः कणच काढतो. ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल, हेड गॅस्केटमधून आलेले कूलंट, ज्वलनातून तयार झालेली आम्ले आणि उष्णतेने झालेले ऑक्सिडेशन यांवर त्याचा काहीही उपाय नाही. आम्ले मारणारी क्षारता, जिला तपासणीच्या अहवालात टीबीएन म्हणतात, वापराने कमी होतच जाते. बायपास फिल्टरच्या गाडीचे टीबीएन चांगले दिसते, त्याचे एक कारण असे की प्रत्येक वेळी फिल्टर बदलताना दोन लिटर ताजे ऑइल भरले जाते. विक्रेत्याने दाखवलेल्या अहवालात मध्ये किती ऑइल भरले, याची नोंद आहे का, ते जरूर पाहा.

पैशांचा हिशेब तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच करू. ट्रेलर वर्षाला ९०,००० किलोमीटर चालतो, १८,००० किलोमीटरला २० लिटर ऑइल बदलता आणि लिटरचा दर ३०० रुपये आहे. म्हणजे वर्षाला पाच बदल, १०० लिटर आणि ३०,००० रुपये. ऑइलचे अंतर दुप्पट केले तर १५,००० रुपये वाचतील. पण कृत्रिम तंतूंचा फिल्टर ३,००० रुपयांचा आहे आणि तो दर १८,००० किलोमीटरला बदलावा लागेल. त्याचेच १५,००० झाले. फिल्टरबरोबर भरायच्या दहा लिटर ऑइलचे ३,००० आणि तपासणीचा खर्च वेगळा. म्हणजे ऑइल वाचवण्यासाठी ट्रेलरवर हा फिल्टर बसवणे तोट्याचे आहे. शिवाय बीएस-६ गाडी वॉरंटीत आहे, तिच्या पुस्तिकेत ऑइलचा ठरावीक दर्जा आणि बदलाचे अंतर दिलेले आहे, आणि इंजिनाच्या दाबाच्या वाटेत बाहेरची जोडणी केल्यावर वॉरंटीचा दावा अडकू शकतो. ट्रेलरवर काहीही बसवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तिकेत १८,००० पेक्षा मोठे अंतर दिलेले असेल, तर त्या अंतरापर्यंत जाण्यातच तुमची बचत आहे.

टिपरचा हिशेब वेगळा आहे. तिथे किलोमीटर फसवे असतात, म्हणून तासांवर चालावे. तुम्ही २५० तासांना ऑइल बदलता आणि टिपर वर्षाला ३,००० तास चालतो, म्हणजे बारा बदल, २४० लिटर आणि ७२,००० रुपये. अंतर ५०० तासांवर नेता आले, तर ३६,००० रुपये वाचतात. तुम्हाला सांगितलेली सेंट्रिफ्यूजची किंमत बसवणुकीसह ६०,००० आहे आणि त्याला महागडा फिल्टर लागत नाही, त्यामुळे तपासणीचा खर्च धरूनही दोन वर्षांच्या आसपास पैसे सुटतात. इंजिनाची कमी होणारी झीज मी या हिशेबात धरलेलीच नाही. म्हणून टिपरसाठी माझी निवड सेंट्रिफ्यूज आहे. अट एवढीच की गरम इंजिनाचा ऑइल दाब पुरेसा हवा आणि चेसिसवर योग्य उंचीची जागा मिळायला हवी.

त्याआधी हवेचा मार्ग तपासा. खाणीवरच्या इंजिनाचा खरा शत्रू म्हणजे दगडाची धूळ, आणि ती एअर क्लीनरनंतरच्या रबरी नळीतून, सैल क्लॅम्पमधून किंवा फिल्टरच्या खराब सीलमधून येते. दोनशे रुपयांच्या क्लॅम्पमधून आत येणारी धूळ ऑइलमध्ये पोहोचण्यापूर्वीच लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा खाऊन जाते. तिला नंतर ऑइलमधून काढून लायनर परत मिळत नाहीत.

बसवणुकीत मी एका गोष्टीवर तडजोड करत नाही. प्रवाह मर्यादित करणारे छिद्र इंजिनाच्या बाजूला, जिथून ऑइल घेतले जाते तिथेच असले पाहिजे. अनेक ठिकाणी ते फिल्टरच्या डोक्यात असते. मग मधला होज फाटला, तर पूर्ण दाबाने ऑइल बाहेर पडते आणि चालकाला कळण्याआधी चेंबर रिकामा होतो. फिल्टरसाठीचे दीड मिलिमीटरचे छिद्र ४ बार दाबाला मिनिटाला साधारण २ लिटर ऑइल सोडते. ते छिद्र इंजिनापाशी असेल, तर होज फाटल्यावरही गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायला काही मिनिटे मिळतात. छिद्राचा व्यास दुप्पट केला की प्रवाह चौपट होतो, म्हणून मिस्त्रीला ते ‘जरा मोठे’ करू देऊ नका. सेंट्रिफ्यूजला त्याच्या नोझलांनुसार जास्त प्रवाह लागतो. तिथे निर्मात्याने दिलेल्या मापाचीच जोडणी वापरा आणि कमी दाबाला पुरवठा बंद करणारा व्हॉल्व्ह असल्याची खात्री करा. प्रेशर स्विचच्या जागी पितळी टी (तीन तोंडांची जोडणी) लावून त्यावर जड जोडण्या लटकवल्या, तर टिपरच्या हादऱ्यांनी ती टी तुटते. होज स्टीलच्या जाळीचा घ्या, तो टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर न्या आणि चेसिसला घासणाऱ्या प्रत्येक जागी रबरी पट्टी लावून बांधा. बसवण्यापूर्वी आणि नंतर गरम इंजिनाचा आयडलवरचा दाब गेजने मोजून लिहून ठेवा. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर जोडणी चुकली आहे.

तिन्ही टिपरवर एकदम खर्च करू नका. सारखेच काम करणारे दोन टिपर निवडा, दोघांच्या ऑइलचे नमुने आधी तपासून घ्या आणि मग एकावरच सेंट्रिफ्यूज बसवा. नमुना नेहमी इंजिन गरम असताना, एकाच जागेवरून आणि सारख्याच तासांना घ्यावा. अहवालात सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड तिन्ही एकत्र वाढत असतील, तर धूळ शिरते आहे. एकटे सिलिकॉन वाढले, तर अलीकडे कुठे सिलिकॉनचा सीलंट लावला होता का, ते आठवा. काजळी ३ टक्क्यांच्या आत, १०० अंश सेल्सिअसला १५डब्ल्यू-४० दर्जाच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान आणि टीबीएन नव्या ऑइलच्या निम्म्याहून वर, एवढे तिन्ही असेल तरच मी पुढचे ५० तास देतो. एकदम ५०० वर जात नाही. डिझेल किंवा कूलंट दिसले, तर तास कितीही झालेले असोत, ऑइल त्याच दिवशी काढावे आणि कारण शोधावे.

लोखंडाचा आकडा घसरला म्हणून लगेच समाधान मानू नका. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर (ऑइलमधल्या धातूंचे प्रमाण मोजणारे यंत्र) साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजतो, आणि बायपास यंत्र तर कण काढूनच टाकत असते. त्यामुळे बेअरिंग खराब होत असतानाही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून दर वेळी मुख्य फिल्टरचा डबा कापायचा, त्यातला कागद पिळून पांढऱ्या फडक्यावर पसरायचा आणि उन्हात पाहायचा. चकाकणारे तांबूस किंवा चंदेरी कण दिसले, तर प्रयोगशाळेच्या पुढच्या अहवालाची वाट पाहू नका. चेंबर उतरवून बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) तपासून घ्या.